टेबलावरची गौर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, घरसजावटीच्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी मजकूर, मराठी अनुवाद, शब्दाला ठरलेला दर. विषय होता, वसंत ऋतूसाठी जेवणाचं टेबल कसं सजवावं. मधोमध फिक्या रंगाचं लांब कापड, त्यावर बुटक्या काचेच्या बरण्यांत ट्यूलिप, ताटलीवर ताटली, वर घडीचा रुमाल, रुमालात खोचलेली रोझमेरीची काडी. बाहेर बर्फ वितळतंय आणि चार महिन्यांनी खिडक्या उघडल्या आहेत, असा सगळ्या मजकुराचा सूर. मी ते बंगळुरात पंख्याखाली बसून मराठीत आणत होते आणि वाचणारी असणार होती सोलापूरची नाहीतर नागपूरची, जिथं मार्चअखेरीला लोक खिडक्या बंद करून घेतात.

तेही जमलं असतं. अडलं ते 'स्टायलिंग' या शब्दापाशी. 'सजावट' म्हटलं की लग्नाचा हॉल दिसतो. 'मांडणी' मला आवडतो, पण आमच्या घरात मांडणी म्हणजे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची, ताटं उभी करायची, स्टीलची. 'रचना' कवितेची. उरला 'आरास'. नेमका शब्द, पण आरास माणसांसाठी करत नाहीत. ती गणपतीपुढे, गौरीपुढे. मी तो सुचवला, कंपनीनं 'स्टायलिंग'च ठेवलं. त्यांचे पैसे, त्यांचा शब्द. माझी तक्रार नाही. पण आरास डोक्यातून जाईना. कारण मराठीत वसंतातलं एक मांडलेलं टेबल आहे. फक्त ते टेबल नाही आणि त्यावर बसून कुणी जेवत नाही.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते. पितळी अन्नपूर्णा, बहुतेक घरांत लेकीला लग्नात मिळालेली, छोट्या पितळी झोपाळ्यात ठेवायची. ती माहेरी आलेली असते. महिनाभर राहते आणि अक्षय्य तृतीयेला जाते. या महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी हळदीकुंकू. दारात चैत्रांगण, आत गौरीपुढे पायऱ्यांची आरास, आणि आलेल्या बायकांना आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, मोगरा, गुलाबपाणी. जे काही उन्हाळ्यात थंड, आंबट किंवा सुवासिक असतं ते सगळं एका दिवशी एका जागी आणायचं, एवढंच खरं तर ते आहे.

सांगलीत आमच्या घरी आरास आईची असे. डबे उपडे घालून त्यावर पाट, पाटांवर धुवट जरीचं लुगडं, अशा पाच पायऱ्या. कलिंगड नागमोडी कापून त्याचं कमळ. काकडीची नाव, नावेत द्राक्षं. करंज्या, शेव, लाडू वाट्यांतून नव्हे तर परातीत डोंगर करून. तिची खास चीज म्हणजे हळीव. उपड्या मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचं, त्यावर हळीव थापायचे, वरून पाणी शिंपडत राहायचं. चार-पाच दिवसांत मडक्याला हिरवीगार लव फुटते. लहानपणी मला ते मडकं जिवंत वाटे आणि रात्री त्याच्या बाजूनं जायची भीती वाटे. बाबांना त्या संध्याकाळी घराबाहेर काढलेलं असे. ते गणपतीच्या देवळात जाऊन बसत आणि डाळीचा वाटा राहिलाय ना, एवढं आल्यावर विचारत. ज्यांच्या आयुष्यासाठी हा सगळा थाट, त्यांनाच घरात जागा नाही, याची मौज मला फार उशिरा कळली.

बाबा २०२१ मध्ये गेले. आई माझ्याकडे बंगळूरला आली ती त्याच वर्षाच्या शेवटी. लेक माहेरी जाते, पण आई लेकीकडे राहायला येते त्याला मराठीत शब्द नाही, मी शोधला. येताना तिनं गौर बाबांच्या उपरण्यात गुंडाळून आणली होती. २०२२ च्या चैत्रात ती उपरण्यातच राहिली. पुढची दोन वर्षं देव्हाऱ्यात बसली, झोपाळ्याविना, आराशीविना. "पूजेला काय, मी करीनच," आई म्हणायची, "पण हळदीकुंकू कोण करणार?"

प्रश्न खरा होता. आमच्या घरात हळदीकुंकू करायला अधिकृत माणूसच नव्हतं. आई विधवा. मी लग्न केलेलं नाही. रूढीप्रमाणे मी अजून कुमारिका, म्हणजे ओटी घ्यायला पात्र, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी चष्मा लावून कुमारिकेच्या पाटावर बसायचं म्हणजे मलाच हसू फुटलं असतं. मी एकदा तिला म्हटलं, आपण दोघी मिळून एक सवाष्णही होत नाही. ती हसली नाही.

मे २०२२ मध्ये हेरवाडची बातमी आली होती. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ठराव केला: नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आईचं माहेर कुरुंदवाडचं, हेरवाडपासून हाकेच्या अंतरावर. तिनं बातमी दोनदा वाचली. गावातल्या कुणाकुणाची नावं आठवली. मग चष्मा काढून म्हणाली, "ठराव ग्रामपंचायतीचा आहे. आपल्या सोसायटीला कुठली आलीय ग्रामपंचायत?"

तिला परंपरेचा पुळका आहे असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. कुंकवाचा तिला राग नाही, लोभही नाही. तिला त्रास होत होता तो आरास थांबल्याचा. चाळीसएक वर्षं एक बाई दर चैत्रात काहीतरी रचते, त्यासाठी आधी महिनाभर डोक्यात जुळवाजुळव करते, आणि नवरा गेला म्हणून एका दिवशी ते काम संपतं. लेखकाला बायको वारली म्हणून लिहिणं थांबव, असं कुणी सांगत नाही.

तर त्या कंपनीच्या मजकुरातून मला एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे टेबल. पाटावर कोण बसायचं हे ठरलेलं असतं, खुर्चीवर ठरलेलं नसतं. हळदीकुंकवाला येणारी बाई येते, घेते, जाते. टेबलाशी आलेलं माणूस बसतं. मी आईला म्हटलं, या वर्षी गौर टेबलावर मांडू आणि लोकांना जेवायला बोलावू. हळदीकुंकू म्हणायचंच नाही. "नाव बदललं म्हणजे झालं?" तिनं विचारलं. हा प्रश्न अनुवादकाला विचारू नये. मी म्हटलं, कधी कधी होतं.

आमचं टेबल सहा खुर्च्यांचं, शिसवी, जुन्या बाजारातून घेतलेलं. एरवी ते माझं काम करायचं टेबल. त्यावर मोल्सवर्थचा मराठी कोश असतो आणि किट्टेलचा कन्नड, एक कंपनी सरकारच्या फौजेतल्या अधिकाऱ्यानं केलेला, दुसरा जर्मन मिशनऱ्यानं. दोन्ही वजनाला चांगले. उपडे घालायला सांगलीचे पत्र्याचे डबे इथं नाहीत, तेव्हा पायऱ्या या दोघांच्याच करायच्या ठरलं. पुस्तकावर गौर बसवावी का, यावर आईनं एक दिवस विचार केला. मग म्हणाली, पाय लागला तर तिचाच लागेल, चालेल. खाली किट्टेल, वर मोल्सवर्थ, त्यावर लुगडं. कंपनीच्या मजकुरात याला 'वेगवेगळ्या उंचीचा खेळ' म्हटलं होतं. आईला कुणी सांगितलं नव्हतं.

पण टेबल मांडायला आधी ऋतू हवा, आणि बंगळुरात वसंत कधी असतो हे सांगणं अवघड. जानेवारी सरेपर्यंत टॅबेबुइया गुलाबी होतो, मग पिवळा, मार्चमध्ये जॅकरँडाचा जांभळा सडा, आणि त्याच सुमाराला होंगे, म्हणजे आपला करंज, पोपटी पालवीनं असा चकाकतो की फुलांची गरज वाटू नये. यातला करंज इथला. टॅबेबुइया आणि जॅकरँडा दक्षिण अमेरिकेतले. १९०८ साली म्हैसूर संस्थानात गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ आला आणि लालबाग त्याच्या हाती गेली. त्याआधी तो बडोद्यात सयाजीरावांच्या पदरी होता. रस्त्यांवर एकामागून एक फुलणारी झाडं लावायची, म्हणजे शहरात सदा कुठंतरी काहीतरी फुललेलं राहील, ही कल्पना त्याच्या नावावर सांगितली जाते. पुढच्यांनी ती चालवली. इथला वसंत ही मुळातच कुणीतरी विचार करून केलेली आरास आहे, हे कळल्यावर मला या शहराबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटायला लागली.

३० मार्चला पाडवा झाला. इथं उगादी, कडुलिंब-गूळ तोच, पुरणपोळीची होळिगे. दोन दिवसांनी आईनं गौर उपरण्यातून काढून चिंचेनं घासली. शुक्रवार ठरला ११ एप्रिलचा.

कैरीसाठी आम्ही मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर गेलो. बंगळुरात आधी येते ती तोतापुरी. गाडीवर तिच्या फोडी तिखट-मीठ लावून मिळतात आणि नुसत्या खायला त्या फार छान लागतात. आंब्याच्या डाळीला मात्र ती कामाची नाही. "हुळि इदे अम्मा," आंबट आहे म्हणून विक्रेत्यानं ग्वाही दिली. आईनं फोड चावून पाहिली आणि परत ठेवली. कुरुंदवाडच्या बालपणामुळे तिला कन्नड येतं, पण ते सीमेवरचं, धारवाडी वळणाचं. प्रत्येक वाक्याला 'री' लागतं. बंगळूरकरांना ते ऐकून गंमत वाटते. चौथ्या दुकानात लोणच्याची लहान, गच्च आंबट कैरी मिळाली तेव्हा दुकानदारानं तिला गाव विचारलं, आणि दोघं पंधरा मिनिटं कृष्णेच्या पुराबद्दल बोलली. मी फुलं बघत उभी राहिले. इथं गजरा 'मोळ' या मापानं मिळतो, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. विकणारीचा हात आखूड असला तर आपलं नुकसान. त्या आठवड्यात मल्लिगे महाग होती, कारण शनिवारी करगा होता.

करगा म्हणजे धर्मराय स्वामी मंदिरातून चैत्र पौर्णिमेच्या रात्री निघणारी द्रौपदीची मिरवणूक. तिगळ समाजातला एक पुरुष स्त्रीवेश करून, बांगड्या भरून, कुंकू लावून, मोगऱ्यानं मढवलेला करगा डोक्यावर घेऊन रात्रभर जुन्या शहरातून फिरतो. मी हे आईला रिक्षात सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाप्यानं लावलेलं चालतं होय." आणि कैऱ्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

हळीव रविवारीच थापले होते. मला ते मडकं बघून इराणी नवरोजचं टेबल आठवलं. हफ्त-सीन: वसंतसंपाताच्या दिवशी मांडायच्या, 'सीन' या अक्षरानं सुरू होणाऱ्या सात वस्तू. सब्जे, म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब. सीब, सीर, सिरका, सुमाक आणि आणखी. तेराव्या दिवशी ते कोंब वाहत्या पाण्यात सोडतात. तौलनिक साहित्याचं एम.ए. केलेल्या माणसाला अशी साम्यं दिसली की हात शिवशिवतात. पण मला त्यात आवडतं ते वेगळंच: हे टेबल अनुवाद करता येत नाही. मराठीत सीबचं सफरचंद होतं, ते नशिबानं पास. सिरकाही पास. सीर म्हणजे लसूण, तो नापास. आईला हे सांगितलं तर म्हणाली, आपल्याकडे अक्षर नाही बघत, आंबट बघतात.

आमंत्रण लिहायला मला कंपनीच्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त वेळ लागला. सोसायटीच्या बायकांना व्हॉट्सॲपवर कन्नडमध्ये काय लिहायचं? 'अरिशिण-कुंकुम' लिहिलं तर तेच होणार जे टाळायचं होतं. इंग्रजीत 'स्प्रिंग लंच' लिहिलं तर लोक केक आणतील. शेवटी तिन्ही भाषांत एकच साधं वाक्य गेलं: आईनं चैत्राची आरास केली आहे, बघायला आणि जेवायला या. 'आईनं' या शब्दावर आईनं बोट ठेवलं. "माझं नाव कशाला?" मी म्हटलं, कर्ता लिहावा लागतो.

शुक्रवारी सकाळी ती सहाला उठली आणि मला टेबलाजवळ येऊ दिलं नाही. टेबलाची भिंतीकडची बाजू गौरीची, उरलेली जेवणाची. कलिंगडाचं कमळ पूर्वीइतकं नीट झालं नाही, तिचा हात आता कापतो. वाकड्या पाकळीपुढे तिनं द्राक्षांचा घोस आणून ठेवला. हळीव एका अंगाला विरळ आले होते, ती बाजू भिंतीकडे गेली. कुठं काय झाकायचं आणि कुठं रिकामं सोडायचं, हे मी तिच्याकडून पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. तबकात सगळ्यात शेवटी तिनं हळदीची वाटी ठेवली. कुंकवाची ठेवली नाही.

नऊ जणी आल्या. चार खुर्च्या शेजारून आणल्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या कलबुर्गीच्या ताई प्लास्टिकच्या स्टुलावर, दाराशी बसायला निघाल्या. आईनं त्यांना धारवाडी कन्नडात काय सांगितलं ते मला पूर्ण कळलं नाही, पण त्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि पहिली दहा मिनिटं ताट मांडीवर धरून होत्या. पानं केळीची, टोक डावीकडे. यावर मराठी-कन्नड एकमत आहे. गोड पदार्थ पानात कधी यावा यावर नाही. तो वाद दर वर्षी पुरेल इतका मोठा आहे, मी त्यात पडत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या अज्जी कोसंबरीचं पातेलं घेऊन आल्या होत्या. मूगडाळ भिजवलेली, न वाटता, काकडी, ओलं खोबरं, वर मोहरीची फोडणी. शेजारी आमची डाळ: हरभऱ्याची, भिजवून भरड वाटलेली, त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, चिमूटभर साखर, आणि फोडणी तीच. कोसंबरी आणि आपली कोशिंबीर एकमेकींच्या नात्यातल्या, हे कानालाच कळतं. वाटायची की नाही यावर दोघींचं बराच वेळ चाललं. अज्जींचं म्हणणं, वाटली की डाळीचं तोंड मिटतं. आईचं म्हणणं, न वाटता कैरी आत शिरणार कशी?

जेवणं झाल्यावर अज्जींनी आपल्या पर्समधून चांदीची जोड-कुयरी काढली आणि सवयीनं एकेकीला अरिशिण-कुंकुम लावत टेबलाभोवती फिरू लागल्या. मी हे धरलं नव्हतं. माझ्या कपाळाला लागलं. ताईंच्या लागलं. आई उठून स्वयंपाकघरात जाणार हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. तेवढ्यात अज्जी तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मला नको," आई कन्नडमध्ये म्हणाली. "आमचे यजमान गेले."

"माझेही," अज्जी म्हणाल्या. "सोळा वर्षं झाली."

तीन वर्षं एका लिफ्टमधून जाणाऱ्या या बाईच्या कपाळावरचं कुंकू बघून आईनं, आणि मीही, तिला सवाष्ण धरलं होतं. अज्जींनी काही भाषण केलं नाही. लग्नाच्या आधीपासून लावत होते, इतकंच त्या म्हणाल्या, आणि कुयरी पुढे धरून वाट बघत राहिल्या. टेबलावरच्या बाकीच्या जणी अचानक पन्ह्याबद्दल बोलायला लागल्या.

"हौद्री," आई म्हणाली. हे भाषांतर करायला कठीण. होय, खरंय, ऐकलं मी, आता पुरे, आपण म्हणता ते मान्य, पण. सगळं त्यात बसतं. मग तिनं हळदीच्या बाजूला बोट बुडवलं, गळ्याशी टेकवलं, आणि अज्जींना म्हणाली, हळद जुनी दिसते, रंग उतरलाय, मी सांगलीची देते. कुंकवाला हात लावला नाही. अज्जींनीही आग्रह केला नाही. संध्याकाळी एका डबीत हळद घेऊन आई स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेली आणि दीड तासानं परत आली. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझं काम होतं, मी टेबल आवरायला घेतलं. आईनं थांबवलं. गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत आहे. मग ३० एप्रिलपर्यंत मी टेबलाच्या अर्ध्या भागात, कोशांशिवाय अनुवाद केला. शब्द अडला की झोपाळ्यातल्या गौरीखाली असलेल्या मोल्सवर्थकडे बघायचं आणि पुढे जायचं. आई रोज काहीतरी हलवायची. ताईंनी एकदा येताना रस्त्यावर पडलेली जॅकरँडाची फुलं ओंजळभर आणली. आईनं ती बिनवासाची म्हणून आधी नाकारली आणि नंतर पाण्याच्या थाळीत सोडून खालच्या पायरीवर ठेवली.

गौर उठली तेव्हा किट्टेलच्या पुठ्ठ्यावर हळीवांच्या पाण्याचा गोल डाग पडलेला सापडला. तो अजून आहे. कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानामागे आईनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: हळीव आणखी दोन दिवस आधी. तोतापुरी नको. मूगडाळ वेगळी भिजवणे. खुर्च्या चार जास्त.